मर्यादेच्या आकड्याशेजारी तापमानही हवे

कारखान्यातील हवेत टोल्युईन या द्रावकाची (रंग, तेल वगैरे विरघळवणाऱ्या द्रवाची) वाफ किती असलेली चालेल, याचे उत्तर आपल्या कायद्याने एका आकड्यात दिलेले आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाने कायद्यात जी मोठी दुरुस्ती झाली तिच्यातून आलेल्या दुसऱ्या परिशिष्टात टोल्युईनपुढे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग, म्हणजेच घनमीटरमागे ३७५ मिलिग्रॅम, अशी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा छापलेली आहे. यातली एक बारकी गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. १०० भागांचे ३७५ मिलिग्रॅम होतात ते हवा २५ अंश सेल्सिअसला आहे असे धरले तर. या आकड्यात तापमान म्हणून काही दडलेले असेल तर ते एवढेच, आणि तेही हवेचे आकारमान काढण्यापुरते. ती हवा छातीत ओढणारा माणूस भट्टीसमोर उभा आहे की झाडाच्या सावलीत, वैशाखात आहे की मार्गशीर्षात, याच्याशी त्या आकड्याला काही देणेघेणे नाही. बेळगाव जिल्ह्यासारख्या ठिकाणी, जिथे ओतकाम, यंत्रभाग, रंगकाम आणि साखर एकाच पट्ट्यात नांदतात, तिथे तापमान वगळून ठरवलेली अशी मर्यादा अर्धवट आहे आणि ती पूर्ण करून घेतली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. त्याचे कारण सांगायचे तर थोडे उंदरांकडे वळावे लागते.

औद्योगिक द्रावक शरीरात गेले की प्राण्यांच्या तापमान-नियमनावर काय परिणाम होतो, हा विषय पाहणाऱ्यांनी गेली अनेक दशके पुन्हा पुन्हा एकच गोष्ट नोंदवली आहे. उंदराला किंवा त्याच्याहून मोठ्या, प्रयोगशाळेतील रॅटला द्रावकाची मोठी मात्रा मिळाली की त्याचे अंग गार पडते. टोल्युईनने हे होते, मद्यार्काने होते, आणि सल्फोलेन नावाच्या द्रावकाने तर फार ठळकपणे होते. सल्फोलेन बेळगावच्या कारखान्यांत सापडेल असे मी सुचवत नाही. तेलशुद्धीकरणात बेंझीन-टोल्युईनसारखी द्रव्ये वेगळी काढण्यासाठी आणि नैसर्गिक वायूतील आम्ल वायू धुऊन काढण्यासाठी १९६० च्या दशकापासून त्याचा वापर रुळला. ते पाण्यात पूर्णपणे मिसळते, त्यामुळे एकदा जमिनीत मुरले की भूजलाबरोबर दूरवर जाते. अलास्कातील नॉर्थ पोल या गावात तेलशुद्धीकरण कारखान्याच्या हद्दीबाहेरच्या विहिरींत ते २००९ साली आढळले, तेव्हा सामान्य लोकांनी त्याचे नाव प्रथम ऐकले. प्रयोगशाळांना मात्र ते आधीपासून माहीत होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील संशोधकांनी १९८० च्या दशकात त्यावर प्रयोग केले, तेव्हा असे दिसले की सल्फोलेन टोचलेल्या रॅटची चयापचयाची गती उतरते, शरीर उष्णता कमी निर्माण करते आणि आतील तापमान घसरते. खोली थंड असेल तर घसरण मोठी होते, खोली उबदार असेल तर ती फारशी होतच नाही.

वरवर पाहता हा विषाने केलेला बिघाड वाटेल, आणि काही द्रव्यांच्या बाबतीत तो बिघाडच असतो. तापमानाचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे आहे, आणि मेंदूला गुंगी आणणारे कोणतेही द्रव्य ते केंद्र मंदावू शकते. पण बिघाड आणि बचाव यांतला फरक ओळखण्याची एक सोपी, मला फार आवडणारी पद्धत आहे. एक लांब नळीवजा घर करायचे, ज्याचे एक टोक गरम आणि दुसरे थंड असेल, आणि द्रावक दिलेल्या प्राण्याला त्यात मोकळे सोडायचे. नियंत्रण कोलमडले असेल तर गारठत चाललेला प्राणी ऊब शोधत गरम टोकाकडे जाईल. पण शरीराने स्वतःच आपले ठरलेले तापमान खाली उतरवले असेल, तर अंग आधीच गार असूनही तो थंड टोकाकडे सरकेल. अनेक विषारी द्रव्यांच्या बाबतीत कृंतक, म्हणजे उंदरासारखे कुरतडणारे, प्राणी दुसरे उत्तर देतात. ते गारवा निवडतात. यातून त्यांचा फायदाही होतो, कारण शरीरातील बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी उतरले की निम्म्याच्या आसपास येतो, आणि तीन-चार अंशांची घसरणसुद्धा विषाचे शोषण, त्याचे अधिक घातक रूपांत होणारे परिवर्तन आणि पेशींची ऑक्सिजनची भूक या तिन्हींना आवर घालते. अशा द्रव्यांची तीच मात्रा उबदार खोलीत ठेवलेल्या प्राण्याला दिली, त्याला गार पडू दिले नाही, तर तो अधिक आजारी पडतो, आणि जी मात्रा एरवी पचली असती तीही जीवावर बेतू शकते.

आता प्रयोगशाळेची खोली कशी असते ते पाहा. विषपरीक्षेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रे प्राण्यांच्या खोलीचे तापमान २२ अंश, तीन अंश इकडेतिकडे, असावे असे सांगतात. २२ अंश हे अंगात कपडे घालून काम करणाऱ्या संशोधकाला सुखाचे तापमान आहे. उंदराला ते थंड आहे. त्याला उष्णतेसाठी जादा इंधन जाळावे लागू नये असे तापमान ३० अंशांच्या आसपास असते, आणि २२ अंशांना तो आपल्या अन्नाचा मोठा हिस्सा अंग उबदार ठेवण्यातच खर्च करत असतो. अशा प्राण्याने शेगडी थोडी मंद केली की काही मिनिटांत त्याचे अंग उतरू लागते. विषापासून सुटण्याची ही वाट त्याला पिंजऱ्याच्या थंडाव्यानेच खुली करून दिलेली असते.

माणसाला ही वाट नाही. पंचवीस-तीस ग्रॅमच्या उंदराचे वजनाच्या मानाने पृष्ठभागाचे प्रमाण प्रचंड असते, म्हणून त्याची उष्णता झरझर निघून जाते. सत्तर किलोच्या माणसाचे आतले तापमान तीन अंशांनी उतरवायचे तर साधारण पावणेदोनशे किलोकॅलरी उष्णता अंगातून बाहेर काढावी लागेल, आणि तीही शरीराने नवी उष्णता निर्माण करणे थांबवले तर. काम करणाऱ्या माणसाच्या स्नायूंतून तर उष्णता अधिकच निर्माण होत असते, आणि भोवतालची हवा ३८ अंशांची असेल तर ती जाणार तरी कुठे? उरतो तो घाम. म्हणजे ज्या आसऱ्याच्या बळावर प्रयोगशाळेतील उंदराने एखादी मात्रा सोसली, तोच आसरा मे महिन्याच्या दुपारी ओतकाम करणाऱ्याकडे नसतो. उंदरावरून माणसाकडे येताना शास्त्रज्ञ वजनाचा, आयुष्याचा आणि जातीच्या फरकाचा हिशेब करून मर्यादा खाली आणतात. तापमानाचा हिशेब त्यात नावाने कुठे नसतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर माझा युक्तिवाद गरजेपेक्षा मोठा वाटेल. टोल्युईनची मर्यादा केवळ उंदरांवरून ठरलेली नाही. त्याच्या वाफेत काम केलेल्या माणसांचा अभ्यास भरपूर झाला आहे, आणि त्याच्याच आधारे अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने आपली शिफारस टप्प्याटप्प्याने १०० वरून ५० आणि नंतर २० भागांपर्यंत खाली आणली. आपला आकडा मात्र १०० वरच राहिला, ही स्वतंत्र तक्रार आहे. पण कारखान्यांत फिरणारी द्रावके शेकड्यांनी आहेत, आणि टोल्युईनइतका अभ्यास त्यांपैकी मोजक्यांचाच झाला आहे. बाकीच्यांसाठी उंदीर हाच एकमेव साक्षीदार असतो, आणि तो साक्ष देतो ती २२ अंशांतली.

बेळगावभोवतीच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती या कारखान्यांच्या पट्ट्यात ज्यांनी काम केले आहे त्यांना या गोष्टीचे गांभीर्य आकड्यांशिवायही कळेल. फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) साच्याला आणि कोअरला, म्हणजे ओतीवात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायच्या गाभ्याला, रेझिनचा चिकट बंध असतो, त्यावर ग्रॅफाइटचा किंवा झिर्कॉनचा कोट मारतात, आणि तो कोट बऱ्याच ठिकाणी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवलेला असतो. तो पेटवून सुकवतात हे खरे, पण पेटवण्याआधी जे उडून जाते ते कोट मारणाऱ्याच्याच नाकात जाते. पलीकडे वितळलेले लोखंड ओतले जात असते. यंत्रभागांच्या कारखान्यांत तेलकट सुटे भाग धुण्यासाठी द्रावक लागते, रंगाच्या विभागात थिनर लागतो, आणि थिनरचा मुख्य ऐवज टोल्युईन-झायलीनच असतो. शहराला समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीचा दिलासा आहे, हे मान्य. बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पण पत्र्याच्या छपराखाली एप्रिलच्या दुपारी महाबळेश्वर उरत नाही, आणि पूर्वेकडे अथणी-रायबागच्या बाजूला पारा ४० च्या घरात जातो तेव्हा त्या दिलाशाची गोष्टही काढता येत नाही.

उष्णता येथे दोन्ही बाजूंनी काम करते. एकीकडे ती हवेत वाफ वाढवते. द्रव किती जोराने वाफ होऊ पाहतो हे दाखवणारा टोल्युईनचा बाष्पदाब २० अंशांना पाऱ्याच्या सुमारे २२ मिलिमीटरइतका असतो, तो ४० अंशांना ५९ च्या आसपास जातो, म्हणजे अडीच पटींहून अधिक. उघडा डबा, भिजलेला बोळा, हात पुसायची चिंधी, सगळ्यांतून त्याच प्रमाणात अधिक वाफ निघते. दुसरीकडे ती माणसाचे शरीर बदलते. विसाव्याला मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेणारा माणूस अंगमेहनतीत वीस-तीस लिटर घेतो. अंग थंड करण्यासाठी रक्त त्वचेकडे धावते, त्वचा घामाने ओली आणि पारगम्य होते, आणि हातावर सांडलेले द्रावक थंड, कोरड्या त्वचेपेक्षा अधिक सहज आत शिरते. त्वचेकडे वळवलेले रक्त यकृताला आणि मूत्रपिंडाला कमी पडते, म्हणजे द्रव्य शरीराबाहेर टाकण्याची यंत्रणाही संथ होते. हवेतील १०० भाग हा आकडा कागदावर तोच राहतो. शरीरात गेलेली मात्रा तीच राहत नाही.

याहून अवघड प्रश्न निदानाचा आहे, आणि त्याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. उन्हाच्या त्रासात डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, पाय लटपटतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. द्रावकाच्या वाफेने नेमके हेच होते. मे महिन्यात दुपारच्या शिफ्टला कोणी खाली बसला की 'ऊन लागले' एवढे म्हणून त्याला कांदा हुंगवतात, लिंबू-साखरपाणी पाजतात, आणि बरे वाटले की पुन्हा त्याच जागी उभे करतात. सरबताला माझा विरोध नाही, पाणी आणि मीठ त्याला हवेच असते. पण दोन कारणांपैकी एकाचेच नाव घेतल्याने दुसरे नोंदीतून कायमचे निसटते. कंत्राटी कामगार असेल तर नोंदही होत नाही, त्या दिवसाचा रोज बुडतो आणि विषय तिथेच संपतो. डॉक्टरपर्यंत तो पोहोचला तरी कोणते द्रव्य, किती वेळ, कोणत्या खोलीत, हे विचारण्याची सवय आपल्या दवाखान्यांना फारशी नाही, आणि विचारले तरी कामगाराला डब्यावरचे नाव सांगता येईलच असे नाही.

त्याचे कारणही सीमाभागातल्या वाचकाला ओळखीचे आहे. कारखान्यात कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असे कारखाने कायद्याचे १०८ वे कलम सांगत आले. यात कन्नड-मराठीचा वाद आणण्याचे कारण नाही. ज्या विभागात बहुसंख्य हात येळ्ळूर, कडोली, उचगावकडचे आहेत तेथे मराठी, ज्या विभागात गोकाक-सौंदत्तीकडचे आहेत तेथे कन्नड, आणि अलीकडे ज्या विभागात उत्तरेकडून आलेली मुले आहेत तेथे हिंदी, इतकाच त्या कलमाचा सरळ अर्थ होतो. पाट्यांवरून इथे बरीच आंदोलने झाली. द्रावकाच्या पिंपावरच्या पाटीसाठी एखादे झाले असते तर बरे झाले असते, असे मला कधीकधी वाटते.

कामाच्या तासांचा मुद्दा यातच येतो. कर्नाटकाने २०२३ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती करून, आठवड्याला ४८ तासांची कमाल मर्यादा कायम ठेवून, दिवसाला बारा तासांपर्यंत काम घेण्याची मुभा दिली. चार दिवस बारा तास आणि तीन दिवस सुटी ही योजना काहींना सोयीची वाटेल, त्याबद्दल येथे बोलत नाही. पण द्रावकाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीवर बांधलेली आहे, आणि तिच्यामागे उरलेल्या सोळा तासांत शरीर ते द्रव्य बाहेर टाकील हे गृहीत आहे. बारा तास आत घेतले तर बाहेर टाकायला बाराच उरतात. कामाचे तास बदलणाऱ्यांनी परिशिष्टातल्या आकड्यांना हात लावला नाही, आणि त्या बारा तासांत दुपारचे ऊन पुरेपूर येते.

माणसांबरोबर गोठ्याचाही विचार करावा लागेल, कारण या भागात कारखान्यात जाणाऱ्याच्या घरी बहुधा दोन म्हशी असतातच. म्हैस उंदरापेक्षा या बाबतीत माणसाला जवळची आहे, किंबहुना तिची स्थिती अधिक वाईट आहे. तिचे वजन चार-पाचशे किलो, कातडी काळी, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा विरळ, म्हणूनच ती डबक्यात बसते. विषबाधा झाली तर अंग गार पाडून बचावण्याचा मार्ग उन्हाळ्यात तिलाही बंद आहे. आणि द्रावक गोठ्यापर्यंत येते कसे, हे या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. भंगारात निघालेले बॅरल शेतावर पाणी साठवायला येतात, कधी धुतलेले, कधी नुसते विसळलेले. उसावर आणि भाजीवर फवारायची कित्येक कीटकनाशके झायलीनसारख्या द्रावकातच विरघळवलेली असतात. बाटलीवर ठळक अक्षरांत कीटकनाशकाचे नाव असते आणि द्रावकाचा उल्लेख असलाच तर बारीक अक्षरांत. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांनीसुद्धा उंदीर आधी गार पडतो, हे प्रयोगांत दिसलेले आहे. म्हणजे भर उन्हात पाठीवर पंप घेऊन फिरणारा माणूस दोन द्रव्यांना एकदम सामोरा जातो, आणि दोन्हींची परीक्षा थंड खोलीत झालेली असते.

या सगळ्यावर लहान उद्योजकांचे एक उत्तर ठरलेले आहे, आणि ते मी हलके मानत नाही. आमची माणसे उन्हाला सरावलेली आहेत, असे ते म्हणतात. सराव होतो, हे खरेच आहे. आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर लवकर आणि अधिक घाम गाळू लागते, घामातील मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. पण या सरावाने उष्णता सोसते, द्रावक नाही. उलट अधिक घामाने भिजलेली त्वचा आणि दिवसभर जोमाने चाललेला श्वास यांमुळे सरावलेला माणूस त्या वाफेत अधिक वेळ टिकतो, आणि अधिक वेळ टिकणे म्हणजे अधिक मात्रा घेणे. नवा मुलगा चक्कर येऊन तासाभरात बाहेर पडतो, जुना कारागीर शिफ्ट पूर्ण करतो. दुसरे उत्तर खर्चाचे असते. सात-आठ माणसांच्या शेडमध्ये वातानुकूलन बसवा असे कोणी म्हणत नाही, आणि म्हटले तर ते हास्यास्पद होईल. डब्यांना घट्ट झाकण, कोटच्या जागेवरच वाफ ओढून घेणारा पंखा, द्रावकाचे काम सकाळी सहा ते दहामध्ये उरकणे, भिजलेल्या चिंध्यांसाठी झाकणाचे पिंप, यांतले काहीच एका मोठ्या ऑर्डरच्या नफ्याहून महाग नाही.

सरकारकडून मागायचे ते याहून थोडे अधिक आहे. कारखाने कायद्याचे १३ वे कलम हवा खेळती ठेवण्याबद्दल आणि तापमानाबद्दल बोलत होते, दुसरे परिशिष्ट रसायनांबद्दल बोलत होते, आणि ही दोन पाने एकमेकांची दखल घेत नव्हती. त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ पासून २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, आणि नियम नव्याने लिहिले जाण्याचा काळ हाच ही दोन पाने जोडण्याचा काळ आहे. विशिष्ट तापमानापलीकडे द्रावकाची मर्यादा निम्म्यावर आणावी की तिसऱ्या हिश्शावर, हे तज्ज्ञांनी ठरवावे. मर्यादेशेजारी तापमानाचा आणि कामाच्या तासांचा रकाना असावा, हे ठरवायला तज्ज्ञ लागत नाही.

मोजमापाच्या बाबतीत तर नियम बदलण्याचीही वाट पाहावी लागणार नाही. हवेचा नमुना वर्षातून एकदा घेतला जात असेल आणि तो जानेवारीच्या सकाळी, दारे-खिडक्या उघडून, काम निम्म्यावर आणून घेतला जात असेल, तर त्याच्या अहवालावरून मे महिन्याच्या दुपारबद्दल काहीच कळत नाही. तपासणी एप्रिल-मे महिन्यांत, वळिवाच्या आधी, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, काम पूर्ण चालू असताना व्हावी, आणि अहवालावर त्या क्षणाचे खोलीतले तापमान व दमटपणा लिहिलेला असावा. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ इथेच आहे, शहरात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचे दक्षिणेकडचे केंद्र बेंगळुरूला आहे. मोजणारे हात आणि उपकरणे यांची वाण नाही. कारखाने कायद्याच्या १११-अ कलमाने कामगाराला आपल्या कामाच्या जागेच्या आरोग्य-सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क दिला होता, आणि तो नव्या संहितेतही आहे. तो अहवाल मागताना कामगार संघटनांनी आकड्याबरोबर नमुन्याची तारीख, वेळ आणि त्या वेळचे तापमान लेखी मागावे, आणि तापमान लिहिलेले नसेल तर नमुना पुन्हा घेण्याची मागणी त्याच अर्जात करावी.